जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकावा का?

साखरशेत, जव्हार, मोखाडा या डोंगराळ भागात जुन्या गाडीची खरी परीक्षा चढावर होते. पिकअप कमी झाला, की ‘कन्व्हर्टर काढा, साधा पाइप टाका’ असा सल्ला अनेकदा मिळतो. त्याने गाडी खरंच सुधारते का?

कन्व्हर्टर काय करतो?

पेट्रोल इंजिनातला धूर सायलेन्सरकडे जाताना कन्व्हर्टरमधल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून जातो. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर असतो. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेल्या इंधनाचं मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व वाफेत, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडचं नायट्रोजनमध्ये रूपांतर होतं. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना तो १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला.

दोष बहुधा दुसरीकडे

कन्व्हर्टर सहसा आपोआप चोंदत नाही. प्लग किंवा कॉइल खराब असेल तर न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल जळत असेल तर जाळीवर थर साचतो. अशा वेळी कन्व्हर्टर काढला तरी मूळ दोष तसाच राहतो.

तपासणीचा क्रम

१. धूर पाहा: काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता.

२. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही? आधी क्लच तपासा.

३. एअर फिल्टर, प्लग, कॉइल पाहा.

४. ‘चेक इंजिन’ दिवा लागला असेल तर स्कॅनर लावा. ‘पी०४२०’ हा कोड कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचं सुचवतो. पण ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यास किंवा पाइपला गळती असल्यासही तो येतो.

५. शेवटी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे गेज लावून बॅक प्रेशर मोजून घ्या. कन्व्हर्टर चोंदला आहे की नाही, ते त्यातून कळतं.

काढल्यास काय होतं?

पीयूसी चाचणीत बीएस-४ पेट्रोल कारसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. कन्व्हर्टरशिवाय ती पाळणं कठीण. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सही तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतं.

त्याहून मोठा धोका गाडीच्या आत आहे. कन्व्हर्टर नसेल तर धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त राहतो. पाइपचं वेल्डिंग कच्चं असेल आणि पावसात काचा बंद असतील, तर हा वास नसलेला विषारी वायू आत साचू शकतो.

कन्व्हर्टर खरोखर निकामी असेल तर आधी मूळ दोष दुरुस्त करावा, मग त्याच मॉडेलचा नवा बसवावा. नाहीतर नवाही लवकरच खराब होतो.