पाहुणीला प्रसाद, आपल्याला वेस

केशवसुत रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचे. १८६६ साली तेथे जन्मलेल्या या कवीची ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता आपल्यापैकी अनेकांनी वर्गात शिकवली असेल. सावलीच्या विटाळापायी हटकले गेलेले पोर आईला कारण विचारते. आईजवळचे उत्तर व्यवस्थेने तिला पढवलेले उत्तर आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या पोराला दुसरे उत्तर शोधून दिले पाहिजे.

मालगुंडच्या शेजारी गणपतीपुळे आहे. तेथे गणपतीच्या देवळाशी परदेशी पाहुणा दिसला तर कोणाला त्याचे नवल वाटत नाही. गणपतीच्या दारी परदेशी माणसाचे असे स्वागत होणे महाराष्ट्राला नवे नाही. याचा जुना पुरावा पुण्याजवळच्या चिंचवडचा आहे. मोरया गोसावींच्या वंशात गणपती पिढ्यान् पिढ्या अवतरतो, अशी तेथे श्रद्धा होती. त्या जिवंत देवाची हकीकत एडवर्ड मूर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८०० च्या सुमारास लिहून ठेवली. पुढे १८०९ साली मारिया ग्रॅहॅम ही ब्रिटिश लेखिका चिंचवडला गेली. तिचे प्रवासवर्णन १८१२ साली प्रसिद्ध झाले.

तिने पाहिलेला देव म्हणजे ओसरीत साध्या पाटावर बसवलेला एक मुलगा होता. इतर मुलांबरोबर खेळायची त्याला बंदी होती. संस्कृतखेरीज दुसरी भाषा बोलायची परवानगी नव्हती, म्हणजे ब्राह्मणांशिवाय कोणी त्याच्याशी बोलूच नये. त्याच्या डोळ्यांतली अस्वस्थता रोज चारल्या जाणाऱ्या अफूमुळे आहे, असे तिला सांगण्यात आले. देवाने पाहुण्यांचे स्वागत केले. स्वतःच्या हाताने बदाम-खडीसाखर दिली आणि मोबदल्यात मूठभर रुपये घेतले.

ती गाभाऱ्यात गेली नव्हती, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण येथे देवच ओसरीत बसला होता! समुद्र ओलांडून आलेली, परधर्माची, गोमांस वर्ज्य नसलेल्या समाजातली ही बाई त्याच्यासमोर उभी राहिली आणि देव बाटला नाही.

त्याच पेशवाईत पुण्याच्या वेशीत महार-मांगांना दुपारी तीननंतर व सकाळी नऊपूर्वी प्रवेश नव्हता, कारण त्या वेळी सावली लांब पडते. म्हणजे परक्या बाईचा देह चालत होता आणि आपल्या माणसाची सावलीही चालत नव्हती. मग विटाळ नेमका कशाचा? आहाराचा म्हणावा, तर ग्रॅहॅमबाईला अडवायला हवे होते. धर्माचा म्हणावा, तर ती ख्रिस्ती होती.

याचे उत्तर सत्तेच्या व्यवहारात आहे. दुसऱ्या बाजीरावाची गादी १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजी फौजेच्या आधारावर टिकली होती. पण एवढे कारण पुरे नाही. पाहुणा येतो आणि जातो. त्याला वाट दिल्याने गावाची उतरंड हलत नाही. महार मात्र गावातच राहणार. आज तो ओसरीत आला, तर उद्या त्याला वेठीला कोणत्या तोंडाने बोलावणार? विटाळ हा श्रम स्वस्तात राबवून घेण्याचा करार होता. त्यावर सही एकाच पक्षाची होती.

या कराराचे वाचन आपल्या बाजूने प्रथम करणाऱ्यांत फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातील विद्यार्थिनी आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आलेल्या निबंधात तिने विचारले, की वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता? पुढे पर्वतीचा सत्याग्रह १९२९ साली आणि काळाराम मंदिराचा १९३० साली झाला. रत्नागिरीत १९३१ साली सावरकरांच्या पुढाकाराने व भागोजी कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभे राहिले. सर्वांसाठी नवे मंदिर बांधावे लागले, याचाच अर्थ जुन्यांची दारे उघडली नव्हती. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली आला. ग्रॅहॅमबाईला कोणत्याच कायद्याची गरज पडली नव्हती.

परकीयांची प्रवासवर्णने आपण जरूर वाचावीत. कोंडलेले, अफू चारलेले ते पोर आपल्याला तिनेच दाखवले. परंतु ओसरीवर कोण होते हे वाचताना वेशीबाहेर कोण उभे होते, हे विद्यार्थ्यांना विचारायला शिकवले पाहिजे. ते पाहुणीच्या वहीत सापडणार नाही. त्यासाठी मुक्ता साळवेचा निबंध त्या प्रवासवर्णनाशेजारी ठेवावा लागेल.