मेथडिस्ट पंथ (मुंबई व खानदेश)

जॉन वेस्लीच्या प्रेरणेने अठराव्या शतकात इंग्लंडात उदयास आलेल्या या प्रॉटेस्टंट पंथाची मुंबईतील मंडळी, नोव्हेंबर १८७१ मध्ये तेथे आलेले अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम टेलर यांच्या प्रयत्नांतून १८७२ मध्ये स्थापन झाली. सभासदांच्या राहत्या घरी भरणाऱ्या लहान वर्गसभा, आणि परदेशी मंडळाच्या खजिन्यावर न विसंबता स्थानिक वर्गणीतून खर्च भागविण्याचा टेलरांचा कटाक्ष, हेच तिचे खरे बळ होते. मिशनचे वेतन नाकारून बाजारवस्तीत विरक्तपणे राहिलेल्या जॉर्ज बोवेन यांच्यासारखा साधुवृत्तीचा पुरुष तिला लाभला. कुलाब्यातील चर्च त्यांच्याच नावाचे आहे. खानदेशातील भुसावळ मुलखात मात्र ख्रिस्ती धर्मकार्याची धुरा मुख्यतः ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या निराळ्या संस्थेने वाहिली.