स्कोप काय? एका प्रश्नाचा इतिहास

बारावीच्या निकालाच्या आसपास कोकणातल्या घराघरांत एक शब्द फिरायला लागतो: स्कोप. मेकॅनिकलला स्कोप आहे का, फार्मसीला किती आहे, आयटीचा संपला म्हणतात ते खरं का? हे प्रश्न खरोखरच उत्तरासाठी विचारलेले असतात. पण ‘चित्रकलेला स्कोप काय?’ असं कुणी म्हणतं, तेव्हा त्यातलं प्रश्नचिन्ह नावापुरतं असतं. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

माझी एक मावसबहीण मिरजोळ्याला राहते. यंदा बारावीला आहे. इंटरमिजिएटला तिला ए ग्रेड होती, वह्यांच्या शेवटच्या पानांवर गणितापेक्षा माणसांचे हातच जास्त असतात, आणि तिला कलाशिक्षणच घ्यायचं आहे. काका एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहेत. त्यांनी मला फोन करून नेमका हाच प्रश्न विचारला. मी इंजिनिअर, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणजे घराच्या हिशेबात ‘स्कोप’ या विषयातला जाणकार. प्रवेशपरीक्षांच्या तारखा शोधायला बसलो आणि भलत्याच तारखांमध्ये अडकलो. त्या तारखा एकोणिसाव्या शतकातल्या होत्या. काकांच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे असं आता मला वाटतं.

तीन वर्षांच्या अंतराने दोन शाळा

१८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू झाले. सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते, त्यांना तयार करणं हा त्यामागचा उद्देश. आजच्या सीओईपीचं ते मूळ. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले ते १८५३ साली, आणि प्रत्यक्ष वर्ग भरला मार्च १८५७ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत. म्हणजे इंजिनिअरिंग आणि चित्रकला या दोघी इलाख्यात जवळजवळ बरोबरीनेच शाळेत गेल्या.

आणि कलाशाळा निघाली तीही काही ‘कलेसाठी कला’ म्हणून नव्हे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरीचं कौतुक झालं होतं. त्या कारागिरांना नव्या पद्धतीचं रेखन शिकवावं, नक्षीकाम, कुंभारकाम, धातुकाम सुधारावं, त्यातून रोजगार वाढावा, हा हेतू होता. १८६५ साली जॉन लॉकवूड किपलिंग इथे शिल्पकला शिकवायला आला. मुंबईत तेव्हा इमारतींवर इमारती उठत होत्या आणि त्यांना दगडातली पानंफुलं, प्राणी, चेहरे हवे होते. कोकणकन्येने सीएसएमटीला उतरणारा माणूस डोकं वर करून बघत नाही, पण त्या स्थानकाच्या नक्षीत याच शाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. प्राध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढची तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. ते काम सरकारी खर्चाने चाललं होतं. म्हणजे सुरुवातीच्या काळात ‘स्कोप’ होता.

मग वाटा कुठे फुटल्या? माझ्या मते एका कागदावर. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, आणि पुण्याचं इंजिनिअरिंग १८६०च्या दशकातच त्याला जोडलं गेलं. एल.सी.ई. ही परीक्षा आली. विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याहून ती उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. परीक्षा, शिक्का, नेमणूक, पगार, पेन्शन असा एक सरळ जिना तयार झाला. जे.जे. मात्र विद्यापीठाशी जोडलं गेलं १९८१ साली. मधली शंभराहून जास्त वर्षं तिथून बाहेर पडणाऱ्याच्या हाती डिप्लोमा होता, पदवी नव्हती. विद्यापीठाच्या पदवीवर नोकरी, पदोन्नती आणि लग्न ठरणाऱ्या समाजात या फरकाची किंमत काय असेल ते सांगायला नको.

आपल्या मध्यमवर्गाला कलेची कदर नाही, असं आपण सर्रास म्हणतो. कोकणाबाबत तर ते मला मुळीच पटत नाही. नमनाचे पडदे रंगवणारा, देवळाच्या भिंतीवर चित्र काढणारा, भाद्रपदात गणपती घडवणारा माणूस गावात मानाचाच असतो. मूर्तीच्या कारखान्याला तर आपल्याकडे कित्येक ठिकाणी ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. कदर होती. चित्र काढणाऱ्या मुलाला पुढे घेऊन जाणारा जिना नव्हता.

सासवण्याची भिंत

तो जिना नसताना मुलं वर कशी चढली, याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. अलिबागजवळच्या सासवण्यात १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती घडवले जायचे. मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाबा जिल्ह्याचा तेव्हाचा कलेक्टर ऑटो रॉथफील्ड त्या बाजूला आला असताना ते चित्र त्याच्या नजरेस पडलं. त्याने मुलाची चौकशी केली आणि त्याला जे.जे.मध्ये पाठवण्याची व्यवस्था केली.

सासवण्याच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे मुंबई आहे, पण कलाशाळेपर्यंतचं खरं अंतर पाण्याचं नव्हतं. अशी शाळा असते, तिथे प्रवेश मिळतो, मुलाला तिथे ठेवता येतं, हे माहीत असलेला माणूस भेटणं हेच ते अंतर होतं. रॉथफील्डला हे माहीत असणं स्वाभाविक होतं. पुढे त्याने भारतीय स्त्रियांवर पुस्तक लिहिलं, त्यातली चित्रं जे.जे.च्याच महादेव विश्वनाथ धुरंधरांची होती. करमरकर पुढे कलकत्त्याला गेले, लंडनला शिकून आले, आणि १९२८ साली पुण्यात शिवाजी महाराजांचा त्यांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला. माझगाव डॉकमध्ये ओतलेला. इतकं मोठं ब्राँझ ओतणं म्हणजे साचा, तापमान, वजन, तोल यांचं गणित. तो पुतळा पाहताना इंजिनिअरिंग कुठे संपलं आणि कला कुठे सुरू झाली, हे मला तरी दाखवता येणार नाही. सासवण्याला त्यांच्या घरात आज त्यांचं शिल्पालय आहे. काकांना मी सांगितलेली पहिली गोष्ट हीच: एकदा तिला घेऊन सासवण्याला जाऊन या.

पण ही गोष्ट सांगताना एक सावधगिरी हवी. अशा कथा ऐकून वाटतं की गुण असला की कलेक्टर येतोच. रंगवलेल्या भिंती कोकणात हजारो असतील, आणि कलेक्टर बहुतेक भिंतींवरून पुढे गेले. ज्यांना कुणी पाहिलं नाही त्यांची चरित्रं लिहिली गेली नाहीत, एवढंच.

चित्रकार बाप, संचालक मुलगा

सावंतवाडीजवळच्या कोलगावचे श्रीपाद दामोदर सातवळेकर (जन्म १८६७) आपल्याला वेदांचे पंडित म्हणून माहीत आहेत. त्याआधी ते जे.जे.त शिकलेले चित्रकार होते. हैदराबादला आणि लाहोरला त्यांनी चित्रं आणि छायाचित्रणाच्या बळावर संसार केला. वैदिक घराण्यातला कोकणातला मुलगा चित्रकलेवर दूरदेशी पोट भरतो, हे एकोणिसावं शतक संपताना शक्य होतं. त्यांचा मुलगा माधव सातवळेकर जे.जे.त शिकला, युरोपात शिकला आणि पुढे महाराष्ट्राचा कला संचालक झाला. एका पिढीत वाटेची सडक झाली, असं म्हणता येईल.

हे कला संचालनालय १९६५ साली स्थापन झालं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आपल्याला त्याच्यामुळे ठाऊक असतात. आज बरीच मुलं दहावीच्या वाढीव गुणांसाठी त्या देतात, पण त्यामागची कल्पना जुनी आणि चांगली आहे: खेड्यातल्या शाळेतलं पोरही राज्यभरच्या मोजपट्टीवर मोजलं जावं. तो कलेक्टर आता योगायोगाने यायची गरज नाही, दरवर्षी परीक्षेच्या रूपाने येतो. आणि त्या परीक्षेला बसवणारे ड्रॉइंगचे सर हे या सगळ्या इतिहासातलं सर्वांत दुर्लक्षित पात्र. जे.जे.तून आणि इतर कलाशाळांतून बाहेर पडलेल्या पुष्कळांनी आयुष्यभर शाळांमधून चित्रकला शिकवली. त्यांची प्रदर्शनं झाली नाहीत. पण गावातल्या मुलीला ‘तुझी रेघ चांगली आहे, पुढे शिक’ असं पहिल्यांदा तेच सांगतात. माझ्या बहिणीलाही शाळेतल्या सरांनीच सांगितलं होतं.

मुलीचा विषय निघाला म्हणून एक नाव. धुरंधरांची मुलगी अंबिका हिने १९३१ साली जे.जे.चा डिप्लोमा मिळवला. अशा पहिल्या काही भारतीय मुलींपैकी ती एक. तिचा बाप त्याच शाळेत चार दशकं घालवलेला कलावंत होता. कलेतल्या मुलींच्या सुरुवातीच्या नावांत असे बाप पुन्हा पुन्हा भेटतात. ज्यांच्या घरात आधीच जिना होता त्या आधी वर गेल्या.

मंगल कुणी घडवला?

१९३५ साली जे.जे.त कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि १९५८ साली त्याची वेगळी संस्था झाली. कारखाने, वर्तमानपत्रं, जाहिराती, सिनेमे वाढत होते. त्यांना अक्षरं, वेष्टनं, पोस्टर लागत होती. ‘स्कोप’ या प्रश्नाचं संस्थेने दिलेलं हे पहिलं थेट उत्तर. दुसरं उत्तर डिझाइन या नावाने आलं: १९६१ साली अहमदाबादला एनआयडी, १९६९ साली आयआयटी मुंबईत आयडीसी. आयडीसी उभी करणारे सुधाकर नाडकर्णी मुळात जे.जे.चे. म्हणजे आयआयटीच्या आवारात कलाशाळेचा माणूस जाऊन पाया घालतो, हे आपल्या घरगुती उतरंडीत कुठेच बसत नाही.

माझ्या धंद्यातलं उदाहरण तर त्याहून जवळचं आहे. मी पहिल्यांदा संगणकावर मराठी वाचलं ते मंगल या फॉन्टमध्ये. विंडोजवर देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे. तो घडवला रा. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी. सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात काम केलेले, नंतर आयडीसीत शिकवणारे. जोडाक्षरं कशी बसावीत, रफार कुठे यावा, वेलांटी किती झुकावी, हे प्रश्न प्रोग्रामरच्या आधी अक्षर ओळखणाऱ्या हाताला पडतात. मराठीतून टाइप करणारा आमचा प्रत्येक इंजिनिअर त्या हाताचा देणेकरी आहे.

मिरजोळ्याहून

आता नकाशा बघू. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे मिरजोळ्याच्या कातळावर औद्योगिक वसाहत आली. १९८३ नंतर राज्यात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. १९९६ साली मिरजोळ्यातच एक निघालं. घरून डबा घेऊन इंजिनिअर होता येईल इतकी ती वाट जवळ आली. राज्य सरकारची कला महाविद्यालयं मात्र मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला. जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, ते खासगी शिक्षणसंस्थेने उभं केलेलं. रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ पासून त्यांचं नाव आहे. त्यांचं अचूक रेखन करायला शिकलेले हात लागतात, आणि ते शिकायला इथल्या मुलीला जिल्ह्याबाहेर जायचा विचार आधी करावा लागतो.

म्हणून काकांना मी ‘स्कोप आहे’ असं सांगितलं नाही. तो शब्द फोडून समोर ठेवला. आत तीन वेगळे प्रश्न निघाले.

पहिला: कोणती वाट? फाइन आर्ट म्हणजे चित्र-शिल्प. तिथे नोकरीचा जिना आजही अरुंद आहे, शिकवणं हा त्याचा मुख्य आधार. अप्लाइड आर्ट म्हणजे जाहिरात, अक्षर, चित्रकथन, आता स्क्रीनवरचं बरंच काम. डिझाइन म्हणजे वस्तू आणि व्यवस्था यांचा विचार. परीक्षाही त्याप्रमाणे वेगळ्या. राज्याच्या बीएफए प्रवेशाच्या एएसी सीईटीत हाताने काढण्यावर भर असतो. आयआयटीतर्फे होणाऱ्या यूसीडमध्ये रेखनाबरोबर तर्क आणि निरीक्षण तपासलं जातं. दोन्हींना बारावीची कुठलीही शाखा चालते. वह्यांत सतत हात काढणारी मुलगी आणि दप्तराचा बंद नव्याने शिवून बघणारी मुलगी, यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. ही कोणती, ते घरच्यांनीच पाहायचं.

दुसरा: शिक्का कुणाचा? १९८१ पर्यंतचा इतिहास हेच शिकवतो की शिक्क्याला तुच्छ लेखू नये. जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बाहेर मात्र ‘डिझाइन’ची पाटी लावून मोठी फी घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. पदवी कोणत्या विद्यापीठाची, शिक्षक कोण, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं काम प्रत्यक्ष पाहता येतं का, हे विचारल्याशिवाय एक रुपया भरू नये. वार्षिक प्रदर्शन पाहिलं की कॉलेजचं माहितीपत्रक वाचायची गरज राहत नाही.

तिसरा: चार वर्षांचा खर्च कोण आणि कसा करणार? फीपेक्षा मुंबईतलं राहणं महाग. रंग, कागद, साहित्य वेगळं. हा आकडा आधी कागदावर मांडला तर ‘स्कोप नाही’ या वाक्यात लपलेली खरी चिंता उघडपणे बोलता येते. काकांची चिंता चित्रकलेची नव्हतीच. मुलगी चार वर्षांनी कुठे उभी असेल, ही होती. ती रास्त आहे, आणि तिचं उत्तर आकड्यात देता येतं.

सध्या ती सीईटीचा फॉर्म भरते आहे, सोबत यूसीडचाही. बीएस्सीचा पर्याय काकांनी उघडा ठेवला आहे, तेही ठीकच. शंभर वर्षांनी मिळालेला जिना आहे. त्याच्या पहिल्या पायरीवर थोडं थांबून वर किती पायऱ्या आहेत ते मोजणाऱ्या माणसाला भित्रा म्हणण्याचं कारण नाही. ससेहोलपट होते ती, वर पायऱ्याच नाहीत असं मुलीला सांगितलं की.