रोजच्या वाढपावर देखरेख कोणाची?

यरुशलेममधील आद्य ख्रिस्तमंडळीत गाऱ्हाणे उठले ते धर्मतत्त्वावरून नव्हे, अन्नवाटपावरून. रोजच्या वाढपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी तक्रारदारांना गप्प केले नाही, की ‘वाटप व्यवस्थित चालू आहे’ असा खुलासाही काढला नाही. त्यांनी सर्व मंडळी जमवली आणि नावलौकिक असलेले सात जण निवडण्यास सांगितले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात या सातांची नावे आहेत. स्तेफन, फिलिप आणि त्यांचे पाच सहकारी, सारी नावे ग्रीक. ज्यांच्या विधवा पंगतीतून वगळल्या जात होत्या, बहुधा त्यांच्यातूनच वाढपाचे रखवालदार निवडले गेले.

सामाजिक सेवेवर देखरेख कोणी करावी, या प्रश्नाचे इतके जुने आणि इतके नेमके उत्तर क्वचितच आढळेल. सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास या उत्तराच्या प्रकाशात वाचण्यासारखा आहे.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव मांडला आणि मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे सुदृढ झाली. रस्ते, शाळा, दवाखाने यांचा कारभार स्थानिक प्रतिनिधींच्या हाती थोडा-थोडा येऊ लागला. तो प्रामुख्याने सपाटीच्या प्रदेशात. डोंगरातील वाट वेगळी होती. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. त्यांतील पश्चिम खानदेशात नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर या मेवासी प्रमुखांची गावे होती. १९३६ च्या आदेशाने हा सारा टापू ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरला. प्रांतिक विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरच्या निर्देशावाचून तेथे लागू होत नसे. आदिवासींचे सावकारापासून आणि जंगल-ठेकेदारापासून रक्षण व्हावे, असा या व्यवस्थेचा एक हेतू सांगितला जाई. परंतु रक्षण करणारा साहेब आणि रक्षण होणारा भिल्ल यांच्यामध्ये भिल्लाचा स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. पालक होता, पालकाला जाब विचारणारा कोणी नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र कायद्याने पालटले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, समाजकल्याण ही खाती लोकनियुक्त सभागृहाच्या देखरेखीखाली गेली. विषय समित्या नेमल्या गेल्या. पुढे महिला व बालकल्याण समितीची त्यांत भर पडली. तथापि धडगावच्या माणसासाठी जिल्हा परिषद म्हणजे धुळे. घाट उतरून, तालुक्याच्या गावी मुक्काम करून पोहोचायचे, तोवर कचेरी बंद झालेली असे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील पहिले प्रकल्प मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी येथे निघाले. हळूहळू अंगणवाडी सातपुड्यातही पोहोचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळापूर्व शिक्षण आणि दरमहा वजन, असे तिचे काम. ग्रामीण भागात या योजनेचा कारभार जिल्हा परिषदेमार्फत चालतो. म्हणजे मुलाला तराजूत ठेवणाऱ्या सेविकेपासून सभागृहातील सभापतींपर्यंत एक सलग साखळी असायला हवी.

ही साखळी कोठे तुटते, हे १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंनी उघड केले. शासनाने १९९५ पासून नवसंजीवन योजनेखाली आदिवासी भागातील धान्य, आरोग्य व पोषण यांची कामे एका सूत्रात आणण्याचा प्रयत्न केला. पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना आधी धान्य पोचवणे हा त्यातील महत्त्वाचा भाग. परंतु खरा पेच मोजणीचा होता. बालक तिसऱ्या वा चौथ्या श्रेणीत आहे असे सेविकेने लिहिले, तर चौकशी तिचीच व्हायची. दुसऱ्या श्रेणीत लिहिले, तर सारे शांत. जो मोजतो त्यालाच आकड्यासाठी दोषी धरले, की आकडा सुधारतो, बालक नाही. या शतकाच्या आरंभी डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने इतर स्वयंसेवी संस्थांना बरोबर घेऊन ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि प्रत्यक्षातील बालमृत्यू सरकारी नोंदींहून कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले, तेव्हा त्याचा पहिला भर खरे वजन नोंदवण्यावर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दरम्यान १ जुलै १९९८ रोजी धुळ्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,४८,२९५ आणि त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. कचेरी जवळ आली. देखरेख करणारे सभागृहही आदिवासी बहुसंख्येचे झाले. तरी नर्मदाकाठच्या, सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेल्या पाड्यांपर्यंत आरोग्यसेवा नेण्यासाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला. २०१८ साली केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबारचे नाव आले. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात येथील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वजनाने कमी आढळली.

मग जवळच्या कचेरीने काय साधले? याचे एक उत्तर अधिकारांच्या विभागणीत आहे. अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार व तळोदा येथील प्रकल्प कार्यालयांकडे. तेच लेकरू पाचव्या वर्षी एका खात्याचे, सातव्या वर्षी दुसऱ्या खात्याचे. वसतिगृहात ते आजारी पडले, तर विचारणा कोणाला करायची हे आईबापांना कळत नाही. २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे समितीला राज्यातील आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करावा लागला, यातच सारे आले.

दुसरे उत्तर अधिक आशादायक आहे. २४ डिसेंबर १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार देण्याची दिशा दाखवली. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळू लागला आणि त्याचा पैसा गावच्या आहार समितीच्या हाती सोपवला गेला. त्या समितीत गावच्याच स्त्रिया बसतात. जेवणाऱ्या बाईच्या शेजारणीने हिशेब पाहावा, ही कल्पना त्या सात सेवकांच्या निवडीपासून फार दूर नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या विश्वपत्रात सांगितलेले तत्त्वही हेच: लहान समूहाला जे करता येते, ते मोठ्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये; मात्र साहाय्याचा हात आखडू नये. सभागृहच नसले तर हा समतोल बिघडतो. जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या नंदुरबार जिल्हा परिषदेची मुदत २०२५ च्या प्रारंभी संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक कितीही कर्तबगार असो, त्याला जाब विचारणारी महिला व बालकल्याण समिती त्या काळात नसते. अशा वेळी ग्रामसभेचे मोल दुणावते.

आता आपल्या घराकडे वळू. १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या कक्षेत नंदुरबार जिल्हा येतो. आदिवासी भागांत शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने चालवणे ही मिशनकार्याची जुनी परंपरा आहे. आपण चांगले काम करतो, म्हणून आपल्याला देखरेखीची गरज नाही, हा समज घातक ठरतो, हे जगभरच्या ख्रिस्तसभेला फार मोठी किंमत मोजून कळले. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने माहिती असूनही ती न कळवणे हा गुन्हा ठरवला. त्यात संस्थेला सूट नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली ‘व्होस एस्तिस लुक्स मुंदी’ हा आदेश काढून तक्रार स्वीकारण्याची उघड व सुलभ व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतासाठी बंधनकारक केली. म्हणजे जे आपण जिल्हा परिषदेकडून मागतो, तेच आपल्या वसतिगृहानेही दिले पाहिजे: खरी नोंदवही, बाहेरच्या डोळ्यांची तपासणी, आणि पालकांना समजेल अशा भाषेत, पावरी असो वा मावची, तक्रारीची वाट.

धर्मग्रामातील कुटुंबांना यात मोठे काही करावयाचे नाही. गावच्या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी आपल्यापैकी एखादी माता उपस्थित राहील, ग्रामसभेत आहाराचा हिशेब कोणी शांतपणे विचारील, आणि खरा आकडा लिहिणाऱ्या सेविकेच्या पाठीशी चार माणसे उभी राहतील, इतके पुरे आहे. आद्य ख्रिस्तमंडळीने दयाधर्माचा उपदेश पुष्कळ केला. पण उपेक्षित विधवांचे पान वाढले गेले ते सात माणसांना नेमून, नावानिशी जबाबदार धरल्यामुळे. सातपुड्यातील बालकही आपल्याकडून याहून वेगळे काही मागत नाही.