कोसळणाऱ्या नव्या इमारती : एका वाद्यवृंदाचा इतिहास

१ एप्रिल १९८० रोजी पश्चिम बर्लिनमधल्या ‘मून’ नावाच्या क्लबात काही तरुणांनी एक कार्यक्रम केला. त्यांच्या गटाचे नाव होते ‘आइन्श्टुर्त्सेंडे नॉयबाउटन’, म्हणजे ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’. पुढच्याच महिन्यात, २१ मे रोजी, त्याच शहरातल्या काँग्रेस सभागृहाचे छत खरोखरच कोसळले. १९५७ साली अमेरिकेच्या मदतीने उभी राहिलेली ही वास्तू युद्धोत्तर पश्चिम बर्लिनच्या आत्मविश्वासाचे प्रतीक मानली जाई. योगायोगाला भविष्यवाणीचे मोल देण्याचे कारण नाही. मात्र नावातला रोख कोणावर आहे, हे त्यातून स्पष्ट होते. बर्लिनमध्ये युद्धापूर्वीच्या उंच छतांच्या घरांना ‘आल्टबाउ’ म्हणतात आणि युद्धानंतरच्या बांधकामाला ‘नॉयबाउ’. बेचिराख झालेल्या शहराने भूतकाळावर घाईघाईने जे नवे थर चढवले, त्यांच्या पक्केपणाविषयीचा संशय या नावात आहे.

या गटाचे संगीत ‘इंडस्ट्रियल’ या सदरात टाकले जाते. ही संज्ञा लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या गटाने आपल्या ध्वनिमुद्रण संस्थेच्या नावातून रूढ केली. गोंगाटाला संगीतात स्थान मागणारा लुइजी रुसोलोचा जाहीरनामा तर १९१३ सालचा. तेव्हा कल्पनेचे नावीन्य ही नॉयबाउटनची मिरास नव्हे. त्यांचे वेगळेपण साधनांच्या निवडीत होते, आणि त्या निवडीमागे सिद्धान्ताइतकीच गरिबी होती. एन. यू. उनरू याने पैशांच्या चणचणीत आपला ड्रमसंच विकला आणि भंगारातले पत्रे, नळ, स्प्रिंगा गोळा करून त्यांवर वादन सुरू केले. १९८० साली त्याने आणि ब्लिक्सा बार्गेल्डने एका महामार्गाच्या पुलाच्या पोकळीत शिरून ध्वनिमुद्रण केले. बार्गेल्डने आपले आडनाव दादावादी कलावंत बार्गेल्ड याच्यावरून घेतले होते, हा तपशीलही बोलका आहे. १९८१ साली ‘कोलाप्स’ हा त्यांचा पहिला अल्बम हँबुर्गच्या ‘त्सिकत्साक’ या छोट्या स्वतंत्र संस्थेने काढला.

या पर्वातला सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग ३ जानेवारी १९८४ चा आहे. लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स’मध्ये ‘मानवी आवाज आणि यंत्रे’ यांच्यासाठीचा एक कार्यक्रम झाला. त्यात गटातले काही जण सहभागी होते. काँक्रीट मिक्सर, ड्रिल, यांत्रिक करवती ही त्यातली वाद्ये. रंगमंचालाच भोके पाडायला सुरुवात झाली, तेव्हा व्यवस्थापनाने कार्यक्रम थांबवला. पुढे २००७ साली त्याच संस्थेत त्या गोंधळाची रीतसर पुनर्निर्मिती सादर झाली. काल ज्याने रंगमंच फोडला, त्याचा आज वारसा होतो. विद्रोहाच्या इतिहासात हे नेहमीच घडते, आणि म्हणूनच अनेक जण या गटाची कथा ‘माणसाळण्याची कथा’ म्हणून सांगतात : आरंभी हातोडा, अखेरीस नाट्यगृह.

हे वाचन मला अपुरे वाटते. नॉयबाउटनला मोडतोड कधीच पुरेशी नव्हती. पत्र्यावर घाव घातल्यानंतर त्या पत्र्याचा स्वतःचा आवाज कोणता, हे ऐकण्याचे कुतूहल त्यांच्यात होते. १९८५ च्या ‘हाल्बर मेन्श’ या अल्बमच्या शीर्षकगीतात वाद्ये जवळजवळ गळून पडतात आणि नुसता वृंदगायनाचा आवाज उरतो. हायनर म्युलरच्या ‘हॅम्लेटमशीन’ या नाट्यसंहितेला त्यांनी पूर्व जर्मनीच्या नभोवाणीसाठी ध्वनिरूप दिले. १९९१ साली ते अल्बम म्हणूनही आले. त्यात बार्गेल्ड हॅम्लेट झाला, तर स्वतः म्युलरने रंगसूचना वाचल्या. अवशेषांकडे पाठ करून उभा असलेला हॅम्लेट या गटाच्या वाट्याला यावा, यात औचित्य होते. २००० सालच्या अल्बमच्या तर नावातच शांततेचा गौरव आहे. गोंगाटापासून शांततेपर्यंतचा हा प्रवास शरणागतीचा नाही. ऐकण्याची शिस्त वाढत गेल्याची ती खूण आहे.

स्वातंत्र्याचा प्रश्नही त्यांनी असाच तळापासून हाताळला. २००२ पासून त्यांनी ध्वनिमुद्रण कंपनीवर विसंबून न राहता थेट श्रोत्यांकडून वर्गणी घेऊन काम सुरू केले. वर्गणीदारांना तालमी इंटरनेटवरून पाहता येत, त्यावर मत देता येई. आपल्याकडच्या प्रकाशनपूर्व नोंदणीशी परिचित असलेल्यांना ही कल्पना अनोळखी वाटणार नाही. पण येथे वाचक हस्तलिखित लिहिले जात असतानाच लेखकाच्या खोलीत बसलेला होता. ‘किकस्टार्टर’सारखी व्यासपीठे २००९ नंतरची. २००७ सालचा ‘आलेस वीडर ऑफेन’ हा अल्बम याच बळावर, कोणत्याही कंपनीविना निघाला. यात धोकाही आहे. आश्रयदाता राजा असो, कंपनी असो वा दोन-तीन हजार रसिक, त्याला खूश ठेवण्याचा मोह कलावंताला होतोच. व्यवस्थेबाहेर पडणे एकदाच जमते. आपली पर्यायी व्यवस्था उभी करून ती दरवर्षी चालवणे हे अधिक कष्टाचे, आणि कमी दिमाखदार काम असते.

या साऱ्याचा अर्थ एका वास्तूत एकवटतो. पूर्व बर्लिनमधला ‘पालास्ट डेर रिपुब्लिक’ हा पूर्व जर्मनीच्या संसदेचा प्रासाद १९७६ साली पूर्ण झाला. एकीकरणानंतर त्यातले ॲस्बेस्टॉस काढता काढता अखेर नुसता लोखंडी सांगाडा उरला. नोव्हेंबर २००४ मध्ये नॉयबाउटनने त्या सांगाड्यात आपल्या वर्गणीदारांसाठी कार्यक्रम केला आणि त्यांच्यातूनच निवडलेला वृंदही सोबत गायला. कोसळण्याच्या बेतात असलेल्या नव्या इमारतीत शेवटी माणसांचे आवाज एकत्र आले. २००६ ते २००८ या काळात ती वास्तू पाडण्यात आली.

पुढे बेल्जियममधल्या डिक्समाउडे शहरासाठी २०१४ साली त्यांनी पहिल्या महायुद्धावर ‘लामेंट’ ही रचना केली. तिच्या एका भागात एक ठोका म्हणजे युद्धाचा एक दिवस, आणि प्रत्येक राष्ट्राला एक नळी. राष्ट्र युद्धात उतरले की त्याची नळी वाजू लागते. नळांवरच्या आघाताचे १९८० सालचे तंत्र येथे इतिहासाचे गणित मांडते.

पालास्टच्या जागी आज ‘हुंबोल्ट फोरम’ उभे आहे. हे संकुल २०२१ मध्ये लोकांसाठी खुले झाले. काँक्रीटच्या नव्या इमारतीच्या तीन बाजूंना प्रशियाच्या जुन्या राजवाड्याचा चेहरा चढवलेला आहे. नॉयबाउच आल्टबाउ असल्याची बतावणी करतो आहे. एका गटाने चार दशकांपूर्वी स्वतःला दिलेले नाव अजून जुने का होत नाही, याचे उत्तर त्या दर्शनी भिंतीपुढे उभे राहिल्यावर मिळते.