बोगद्यापलीकडचं साल

२ एप्रिल २०२४, मंगळवार. सकाळचे साडेसात वाजलेत. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ह्वालिएन शहरात, रेल्वे स्टेशनासमोर, तुम्ही नऊ जणांच्या गाडीत खिडकीशी बसला आहात. पुढे ड्रायव्हरशेजारी आजची वाटाडी बसली आहे. पन्नाशीची, त्रुकू जमातीची, याच डोंगरात वाढलेली. तिला ताई म्हणा, तिला आवडेल.

गाडीत कुणालाच ठाऊक नाही अशी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. उद्या सकाळी ७ वाजून ५८ मिनिटांनी इथली जमीन ७.२ तीव्रतेच्या भूकंपाने हादरणार आहे. कडे सुटतील, रस्ता तुटेल, पायवाटांवर माणसं दगडांखाली जातील. आज जिथे निघालात ती तारोकोची दरी अशी सलग पाहायला मिळण्याचा हा शेवटचा दिवस. पुढची दुरुस्ती महिन्यांची नाही, वर्षांची आहे. तेव्हा आज डोळे भरून बघून घ्या.

लाल कमानीतून गाडी आत शिरते आणि लिवू नदी दिसते. पाणी राखाडी, घट्ट, सिमेंट कालवल्यासारखं. सह्याद्रीचा काळा कातळ बघत वाढलेल्या तुमच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंच्या भिंती आधी खोट्याच वाटतात, कारण सगळा संगमरवर आहे, पांढरा, त्यात काळ्या-करड्या रेघा. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला हा चुनखडक खाली दाबला गेला, भाजला गेला, आणि मग दोन भूपट्टांच्या टकरीने वर उचलला गेला. तो अजूनही वर येतोच आहे, वर्षाला काही मिलिमीटर. तो जितका वर येतो तितकी नदी त्याला खाली कापत जाते, म्हणून दरी अशी सुरीने चिरल्यासारखी. उद्याचा हादराही त्याच रेट्याचा असेल. जे सुंदर आहे आणि जे जिवावर उठणार आहे, ते इथे एकच आहे. या दरीबद्दल लिहिताना मला ते दोन वेगळे करता येत नाहीत.

येनत्झकोउच्या वळणावर हेल्मेट घालावं लागतं. पट्टा हनुवटीखाली आवळून घ्या. समोरच्या भिंतीतल्या भोकांतून पाकोळ्या आत-बाहेर करताहेत. पुढे बोगदा आहे.

बोगद्यातून बाहेर याल तेव्हा साल १९५८ असेल.

रस्ता संपलेला आहे. म्हणजे अजून झालेलाच नाही. कंबरेला दोर बांधून माणसं कड्यावर लटकताहेत, हातात छिन्नी आणि हातोडा. सुरुंगासाठी भोक पाडायला तासन् तास लागतात. यातले बहुतेक जण सैनिक होते. १९४९ मध्ये चीनची यादवी हरून चँग काय-शेकच्या फौजेबरोबर ते समुद्र ओलांडून या बेटावर आले. घर मागे राहिलं, कायमचं. लढाई संपल्यावर या हातांना काम म्हणून हा डोंगर दिला गेला. बेटाच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणाऱ्या या रस्त्याचं काम ७ जुलै १९५६ ला सुरू झालं आणि ९ मे १९६० ला रस्ता खुला झाला. काम करताना गेलेल्या २१२ जणांसाठी झऱ्यावर एक देऊळ बांधलं, पाणी त्याच्या पायाखालून पडत राहतं.

भिंतीला हात लावा. छिन्नीचा प्रत्येक घाव बोटभर खोल, तिरका, एकाखाली एक, जणू कुणी ओळी लिहून ठेवल्यात. त्या खाचेत तुमचं बोट बसतं. एकेक खाच म्हणजे एका माणसाचा एकेक श्वास.

दुसरा बोगदा १९१४ मध्ये उघडतो.

आता खाली रस्त्याचा मागमूस नाही. वर बघा. झुइलूच्या कड्यावर, नदीपासून पाचशे मीटर उंचावर, एक पायवाट कातळाला चिकटून जाते. ती त्रुकूंची वाट आहे. त्यांची गावं नदीकाठी नाहीत, वर उतारांवर आहेत. एका घरासमोर एक बाई पाय लांब करून बसली आहे. पोकळ लाकडी ओंडका तळपायांनी रेटून धरलाय, सूत त्याच्याभोवती ताणलंय, मागचा पट्टा कमरेला. फणी आपटली की ओंडका घुमतो. गालांवर कानापासून ओठांपर्यंत गोंदण आहे. जिला विणता येतं तिलाच ते मिळतं, आणि मेल्यावर इंद्रधनुष्याचा पूल ओलांडताना पूर्वज तेच बघतात.

मे महिन्यात जपानी फौज दोन बाजूंनी वर चढते. सैनिक, पोलीस, हमाल मिळून हजारो, समोर त्रुकूंचे दोनेक हजार लढवय्ये. फौजेबरोबर सत्तरीतला गव्हर्नर जनरल साकुमा सामाता स्वतः आलाय. या मोहिमेत तो कड्यावरून पडून जखमी होतो. पण डोंगर जिंकले जातात. बंदुका काढून घेतल्या जातात, गोंदणावर बंदी येते, गावं एकेक करून खाली सपाटीला आणून वसवली जातात. ती पायवाट रुंद करून पोलिसांच्या गस्तीला वापरली जाते. आज सहलीत जिला ऐतिहासिक वाट म्हणून दाखवतात, ती हीच.

ताई इथे बोलायची थांबते. तिच्या आजीचं गाव वर कुठेतरी होतं. बोटाने ती दाखवते, पण झाडीत काही दिसत नाही. सरकारदरबारी त्रुकू हे वेगळी जमात म्हणून नोंदले गेले ते २००४ मध्ये. तोवर त्यांना दुसऱ्याच नावात धरत होते.

शाकादांगच्या वाटेवर मात्र आजच्या दिवसात परत या. पाणी निळं, इतकं निळं की त्यात मिसळलेला चुना जिभेवर जाणवेल असं वाटतं. शाकादांग म्हणजे दाढ. गाव वसवताना जमिनीत दाढा सापडल्या म्हणून ते नाव. वाटेवर त्रुकू बायका टपऱ्या लावून बसतात. मागाव नावाच्या डोंगरी मिऱ्यात भाजलेलं सॉसेज घ्या. पहिल्या घासालाच लिंबाचा नि आल्याचा दरवळ येतो, आणि मागून आपलं तिरफळ आठवतं. विकणारी बाई सुट्टे पैसे मोजून हातावर ठेवते. तिच्या तोंडाकडे नीट बघा.

समुद्राला लागताच चिंगश्वेचे कडे उभे राहतात. डोंगर सरळ पाण्यात उतरतो, मध्ये थारा नाही. सोळाव्या शतकात चीनच्या, जपानच्या वाटेवरच्या पोर्तुगीज खलाशांनी या बेटाला ‘इल्या फोर्मोझा’, म्हणजे सुंदर बेट, म्हटलं असं सांगतात. ही गलबतं गोव्याहून मलाक्का, मकाव करत इकडे यायची. काठावर उभे राहून ते शीड बघा, आणि ध्यानात घ्या की त्या डेकवरून कड्यावरची पायवाट दिसणंच शक्य नव्हतं.

दुपारी दक्षिणेला, फाताआन. आमीस लोकांचं गाव. इथे घर मुलीकडे जायचं आणि नवरा नांदायला यायचा. पाणथळात पोकळ खोडं, बांबू आणि फांद्या बुडवून ठेवतात. मासे त्यात आपण होऊन राहायला येतात, लागतील तेव्हा उचलायचे. पुढच्या वर्षी सप्टेंबरात डोंगरात अडलेलं पाणी फुटून याच भागावर चिखलाचा लोंढा येणार आहे. आज पाण्यावर नुसत्या चतुर माश्या आहेत.

जेवण ओढ्याकाठी. गावातली एक आजी सुपारीच्या झावळीचं बूड दुमडून काडीने टाचते. तुम्ही चटकन म्हणाल, ही तर विरी! कोकणात पोफळीखाली पडते तीच. तिच्यात पाणी, मासे, पाला. मग विस्तवातून लाल झालेले दगड चिमट्याने उचलून ती एकेक आत सोडते. चर्रर्र होतं आणि पाणी तत्क्षणी उकळतं. विरी जळत नाही. पाचवा दगड टाकताना आजी म्हणते, ‘लिमा’. शेजारून ताई म्हणते, ‘रिमा’. दोघींना एकमेकींची भाषा कळत नाही, पण पाच तेवढा कळतो. मलेशियातही तो लिमा, न्यूझीलंडच्या माओरींत रिमा, थेट मादागास्करात दिमी. हजारो वर्षांपूर्वी या बेटावरून होड्या निघाल्या आणि माणसं अर्ध्या पृथ्वीवर पसरली, तरी हाताच्या बोटांची मोजणी बरोबर गेली. आता त्या किनाऱ्यावर तुम्हीही उभे आहात. होडीत सुकवलेले मासे भरताहेत, कुणीतरी मूल उचलून आत देतंय. वाट पाण्यावर असल्यामुळे तिला छिन्नी लागत नाही.

संध्याकाळी चीशिंगतानच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर गाडी थांबते. लाट मागे सरते तेव्हा हजारो गोटे एकदम खळखळतात. नद्यांनी डोंगर फोडून इथवर आणून टाकलाय. एक पांढरा, रेघेचा गोटा तुम्ही उचलता. नेऊ देत नाहीत, परत ठेवा.

ताई उद्याचं सांगते. सकाळी लवकर दुसरी मंडळी आहेत, आठच्या आत शाकादांगला पोचायचंय.

तिला सांगा, ताई, उद्या नको. ती हसेल, पाऊस नाही म्हणेल, बुकिंग झालंय म्हणेल. तरी सांगा. आणि त्या टपरीवालीलाही निरोप द्यायला सांगा.