उन्हाची तजवीज : सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिंजऱ्यांचा इतिहास

गाईस गोठा कसा हवा, घोड्यास तबेला कसा हवा, हे ज्ञान आपल्याकडे पिढीजात चालत आले आहे. कासव, घोरपड किंवा अजगर यांस बंदिवासात ठेवावयाचे झाल्यास त्यांचे घर कसे असावे, याविषयी मात्र असे संचित ज्ञान नव्हते. ते मिळविण्यास शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ लागला आणि त्याचे मोल त्या मुक्या प्राण्यांनी दिले. तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र घर उघडले. जगातील असे ते पहिलेच. पूर्वी हिंस्र श्वापदांसाठी असलेली इमारत त्यासाठी वापरण्यात आली. पाहणाऱ्यास साप दिसावा, पण तो बाहेर येऊ नये, एवढीच त्या काळी पिंजऱ्याकडून मुख्य अपेक्षा होती. ही धास्ती अनाठायी होती असे नाही. १८५२ साली मद्याच्या अमलाखाली नागाशी खेळ करणारा तेथील एक रखवालदार दंश होऊन मरण पावला. परंतु या दृष्टीत माणसाच्या रक्षणाचा विचार होता. आतल्या प्राण्याच्या गरजेचा विचार फारसा नव्हता.

ती गरज कोणती? पशू आणि पक्षी खाल्लेल्या अन्नातून आपल्या देहाची ऊब निर्माण करतात. सरपटणारा प्राणी ती बाहेरून घेतो. सकाळी सरडा दगडावर पसरतो आणि दुपारी बिळात शिरतो, ते याचसाठी. गारठ्यात अजगराने गिळलेले भक्ष्य पचत नाही. ते पोटातच सडू लागते. उलटपक्षी, पिंजरा सर्वत्र सारखाच तापविला तर प्राण्यास पळून जाण्यास गार कोपरा उरत नाही. शिवाय उन्हातील जंबुपार किरणांवाचून बहुतेक कासवांच्या व सरड्यांच्या देहात पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही. हाडे ठिसूळ होतात, कवच मऊ पडते. मुलांच्या मुडदुसासारखाच हा रोग.

ही सर्व अंगे ध्यानात घेऊन घर बांधण्याचे श्रेय प्रामुख्याने जोन प्रॉक्टर या विदुषीकडे जाते. १८९७ साली जन्मलेल्या जोनने बालपणापासून सरडे पाळले होते; शाळेत असताना तर तिच्यापाशी एक लहानशी सुसर होती. प्रकृती क्षीण असल्याने विद्यापीठाचे शिक्षण तिला घेता आले नाही. तरीही १९२३ साली लंडनच्या संग्रहालयातील सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग तिच्या हाती आला. तिच्या योजनेनुसार बांधलेले नवे घर १९२७ साली उघडले. त्यात विजेच्या साहाय्याने जागोजागी वेगवेगळी उष्णता राखण्याची सोय होती. साधी काच अडवते ते जंबुपार किरण आत येऊ देणारी विशेष काच तेथे बसविली होती. प्रकाश पिंजऱ्यांत पडे आणि प्रेक्षक अंधारात उभे राहत. कोमोडो बेटावरची प्रचंड घोरपड तिच्यासोबत निमूटपणे फिरत असे. १९३१ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, जोन निवर्तली. पुढे १९४४ साली अमेरिकेत कोल्स आणि बोगर्ट यांनी वाळवंटी सरड्यांचा अभ्यास करून दाखविले, की ऊन आणि सावली यांत ये-जा करून हे प्राणी आपले तापमान स्वतःच सांभाळतात. पिंजऱ्यात एक टोक उबदार आणि दुसरे गार का हवे, याचा शास्त्रीय आधार त्यामुळे पक्का झाला.

आपल्या देशात ऊन मुबलक आहे. कलकत्त्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातील ‘अद्वैत’ नावाचे अल्दाब्रा बेटाचे महाकाय कासव तेथे सव्वाशेहून अधिक वर्षे राहून २००६ साली मरण पावले. मद्रासजवळ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ साली स्थापन केलेल्या मगर-केंद्रात तळे, काठ आणि झाडांची सावली यांवरच भर आहे. परंतु ऊन मुबलक आहे म्हणजे ते पिंजऱ्यातील प्राण्यास मिळतेच असे नाही. सदनिकेच्या खिडकीशी ठेवलेली काचपेटी भट्टीसारखी तापते आणि जंबुपार किरण तर काचेबाहेरच राहतात. गुळगुळीत फरशीवर कासवाचे पाय घसरतात, आणि लपण्यास आडोसा नसल्यास ते सदैव भयग्रस्त राहते.

घोरपड, अजगर, पाठीवर चांदण्या मिरविणारे ‘स्टार’ कासव अशा संरक्षित देशी प्राण्यांना घरी बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते. म्हणून असे कासव कोणाच्या घरी आढळल्यास ते नदीत वा रानात सोडून न देता वनखात्याच्या स्वाधीन करणे इष्ट. ‘स्टार’ कासव तर जमिनीवरचे. नदीत सोडल्यास ते बुडून मरते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण परप्रांतांत अधिकारपदांवर आहेत. मगरीच्या हौदाचे किंवा सर्पोद्यानाचे नकाशे त्यांपैकी कोणाच्या मेजावर मंजुरीसाठी येऊ शकतात. अशा वेळी भिंतीची उंची आणि कुलपाची मजबुती तपासली जातेच. त्याबरोबर सकाळचे ऊन कोठे पडेल, दुपारची सावली कोठे असेल आणि लपावयास जागा आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारले जावेत. भुकेला बैल हंबरतो, तहानलेला कुत्रा दाराशी येतो. गारठलेले कासव मात्र काहीच सांगत नाही, ते नुसते स्वस्थ बसते. त्या स्वस्थपणास समाधान समजण्याची चूक माणसाने दीर्घकाळ केली. ती एका सहीने पुन्हा होऊ नये.